उसवण

रुवैस. लॅबमध्ये मी एकटी, एसीची घरघर.
पडद्यावर बेंझिनचं कडं, त्याला
क्लोरीन लावते. नको. कंट्रोल झेड.
मिथिल लावते. ऊर्जा वाढली. कंट्रोल झेड.
कार्बनचा एखादा हात रिकामा राहिला की
हायड्रोजन आपणहून येऊन धरतो,
न बोलावता, खारेपाटणच्या शेजाऱ्यांसारखा.

हिशाम म्हणाला होता, पन्नास पावलं मागे जाता येतं.
एकदा मोजत गेले: एकोणपन्नास, पन्नास,
मग कळ दाबली तरी रेणू ढिम्म.

कंट्रोल वाय उसवलेलं पुन्हा विणतं,
पण मधेच एखादा नवा बंध काढला
की ती वाट मिटते. गुपचूप.
हे सांगायला हिशाम विसरला.

पहाटे गच्चीवर आले. रिफायनरीची ज्योत,
पलीकडे आखात, उरलेल्या चहासारखं कोमट.
फोनमध्ये विद्याधरचा निरोप, सहा वर्षांपूर्वीचा:
‘अजून येऊ शकतेस.’
त्यानंतर मी व्हिसा दोनदा नवा केला,
एक मांजर पाळली.

खाली गेले. क्लोरीन पुन्हा लावला,
या वेळी दुसऱ्या टोकाला.
सेव्ह केलं.