रायी

आमच्या घरात रायी म्हणजे दगड.
शाळेत राई म्हणजे मोहरी.
राईचा पर्वत करू नये, असं कुलकर्णी बाईंनी फळ्यावर लिहिलं तेव्हा
मला वाटलं, दगडाचा पर्वत तर असतोच की,
त्यात न करण्यासारखं काय आहे.

नायना मॅटाडोर थांबवायचा, आतून ओरडायचा: रायी!
मी फाळक्यावरून उडी टाकायचे
आणि मागच्या उजव्या चाकाखाली दगड सारायचे.
फुटक्या पाट्याचा कोपरा होता तो.
नाकाजवळ नेला तर अजून लसणाचा वास.
मग नायना पाय उचलायचा,
गाडी एक इंच मागं यायची, दगडावर बसायची,
कण्हायची.

गाडी सत्त्याऐंशीची. हँडब्रेकचा दांडा होता,
ओढला की वर, सोडला की खाली.
मधे काहीच घडत नव्हतं.
पुढच्या दिवाळीला केबल टाकू.
चौदा दिवाळ्या तो हे म्हणाला.
चादरींचे गठ्ठे, टॉवेलचे गठ्ठे,
एकदा कुणाच्या तरी लग्नाची भांडी,
सगळं माझ्या दगडावर थांबलं.

आता गाडी मी चालवते. नायनाचे गुडघे गेले.
मे महिना, शेडचा पत्रा तापून कडकड वाजतो,
मौलाली म्हणतो, ताई तू कशाला खाली जायलीस, पोरगं येईल की.
पोरगं येत नाही.
मी जुन्या चादरीवर पाठ टेकते,
मोराची मान उलटी विणलेली, म्हणून घरात राहिलेली चादर,
आणि गाडीच्या पोटाखाली सरकते.

ड्रम निघेना. रॉकेल. हातोडी. परत रॉकेल.
मग निघाला एकदम, आणि त्याच्यामागून
काळ्या पिठासारखी धूळ माझ्या तोंडावर.
शूजच्या मागं चिमुकला खटका, त्यात केबलचं डोकं अडकलेलं,
गंजून एकजीव.
पक्कडीनं फिरवून फिरवून काढलं.

केबल नायनाच्या हातात दिली.
बावीस वर्षं माग चालवलेली बोटं,
तारा उलगडून मोजल्या: एकोणीस.
सात तुटलेल्या.
मग तो सवयीनं दोन टोकं जवळ आणून
विणकराची गाठ मारायला बघू लागला,
कापडात शोधून सापडत नाही ती.
तार ऐकेना. अंगठ्यात घुसली.
रक्त चोखत म्हणाला, सूत बरं.

नवी उजवी बसली.
डावी वीतभर आखूड.
तुळजापूर वेशीतल्या दुकानदारानं
दोन्ही उजव्याच बांधून दिल्या होत्या,
आणि वर म्हणाला, ओढून बसवा, येते.
येत नाही.
पुण्याहून एसटीच्या पार्सलनं डावी यायला आठ दिवस,
तोवर गाडी जॅकवर, तीन पायांच्या बैलासारखी,
आणि नायना रोज सकाळी येऊन तिच्याशेजारी खोक्यावर बसायचा.
काय करायलाय इथं, विचारलं तर म्हणायचा, काय नाही.

नवव्या दिवशी पुलाच्या चढावर नेली.
मधोमध थांबवली. दांडा ओढला.
कट कट कट कट कट.
पाच दात.
ब्रेकवरचा पाय मी हळूच उचलला,
तापल्या तव्यावरून उचलावा तसा.

गाडी उभी.

नायनाचं तोंड उघडलं होतं.
रा, एवढं आलंही.
उरलेलं त्यानं गिळलं आणि खिडकीबाहेर बघू लागला,
खाली मालगाडी चालली होती, ती मोजत असल्यासारखा.
माझा डावा हात दाराच्या कडीवर गेलेला.
कधी गेला, कळलं नाही.
मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला,
ए ताई, झोपली का बे गाडी?
तरी आम्ही दोघं बसून राहिलो,
उतरायचं काम कुणालाच नव्हतं.

दगड अजून सीटखाली आहे.
मौलाली म्हणाला, नवी केबल ताणते,
महिन्यानं आवळायला परत घेऊन या.