पावती क्रमांक चारशे बारा

नावाहो मुलखातल्या या आडवाटेच्या दुकानात
पीठ मिळतं, कंदिलाच्या वाती, घोड्याचे लगाम,
आणि मागच्या तिजोरीत, तपकिरी पाकिटांत,
अख्ख्या लुकाचुकाईची मनगटं गहाण पडलेली असतात.

आई आत येत नाही.
ट्रकमध्येच बसते, काच अर्धी खाली.
थंडीपासून डावं मनगट उघडं आहे;
तिथली कातडी अजून फिकट,
तीन बोटं रुंद.

मी लोकरीचे पैसे मोजते.
काउंटरवरचा पोरगा नवा. पाकीट फाडतो, हसतो,
"घासूनपुसून ठेवलंय बघा. त्याचे पैसे नकोत."

खरंच लखलखतंय.
होस्कीमामानं मऊ राखी दगडात उलटा साचा कोरून
सात मेक्सिकन पेसो वितळवून ओतलं होतं ते कडं.
खाचांतली काजळी मुद्दाम राहू दिली होती.
काळं राहिलं तरच रेघ दिसते, म्हणायचा.

फिरोजा मात्र फडक्याला बधला नाही.
नेवाडाच्या खाणीतून आला तेव्हा निळा होता म्हणे.
चाळीस वर्षं मेंढ्या भादरताना, कणीक तिंबताना,
आमची नाकं पुसताना
आईच्या अंगचं तेल पीत पीत हिरवा झाला.

काचेतून आत देते. आई बघते.
"कुणाचं हे?"

मग जिभेनं खडा ओला करते,
उन्हात धरते. बराच वेळ.
कडेला ती काळी शीर उमटते, कोळ्याच्या पायासारखी.
"हं," म्हणते. "आहे."

घर पंचेचाळीस मैल. वाटेत काही बोलत नाही,
डॅशबोर्डवरची लाल धूळ बोटानं उचलते
आणि एकेक खाच भरत राहते.

गुरुवारी रेनेल्डाला घालायचंय. भाची बाई झालीय,
चार पहाटा पूर्वेकडे धावायचंय तिला.
तेराव्या वर्षाचं मनगट ते केवढं,
आतून लोकर गुंडाळून बसवावं लागेल.
तरी धावताना हाडावर टकटक वाजेलच,
परातीच्या काठावर आईचं वाजायचं तसं.

सोमवारी पुन्हा तिजोरी. ट्रकची बॅटरी, वैरण.
नवी पावती, नवा क्रमांक.
त्या पोराला सांगायचा आईचा निरोप
मी आत्ताच पाठ करून ठेवलाय:
हवं तर दोन डॉलर कमी दे,
पण पुसू नकोस.