ळ

शेफील्डमध्ये बसचा ड्रायव्हरसुद्धा
तिकीट देताना 'लव्ह' म्हणतो.
भाजीवाली म्हणते, पोस्टमन म्हणतो,
दाढ उपटण्याआधी डेंटिस्टही म्हणाली होती.
एकेचाळीस वर्षांत ह्यांनी तेवढं म्हटलं नाही.
हे म्हणायचे, "निळू, मफलर."
आणि मी माघारी जाऊन मफलर घ्यायचे.

आता ह्यांच्या गळ्यातून काही येत नाही.
आधी जीभ जड झाली, मग हात,
मग चमचा धरणारी बोटं.
डोळे तेवढे शाबूत.
डोळ्यांसमोर पडदा, पडद्यावर बाराखडी,
ज्या अक्षरावर नजर थांबेल ते उमटतं
आणि वाक्य संपलं की डबी बोलते.

हिलरी क्राउदर, इस्पितळातली वाचातज्ज्ञ,
वर्षभर मागे लागली होती, आवाज साठवून ठेवा म्हणून.
हे म्हणाले, "लोणचं आहे का साठवायला?"
उरलं काय, तर गॅस कंपनीशी फोनवर झालेलं भांडण.
शर्वरीने अर्ज करून मागवून घेतलं.
सदतीस मिनिटं, सगळी इंग्रजीत, सगळी तावातावाने.
त्यावरून यंत्राने ह्यांचा आवाज बांधला.
म्हणून हल्ली हे "चहा छान झालाय" म्हणाले
तरी वाटतं, बिल चुकीचं आलंय.

आणि ळ नाही.
गॅस कंपनीशी भांडायला ळ लागत नाही.
डबी म्हणाली, "कंटाला आला."
आम्ही दोघं हसलो, हे डोळ्यांनी.
मग डबी म्हणाली, "निलू."
निलू कुणीतरी दुसरी बाई आहे.
तिच्याकडे मफलरही असेल, जुळणाऱ्या रंगाचा.

हिलरीला मी ळ शिकवायला बसले.
जीभ उलटी वळव, टाळूला लाव, सोडून दे.
तीन गुरुवार गेले.
दिवसातून शंभरदा 'लव्ह' म्हणणारी ती पोर
ल ओलांडून पुढे येईना.

मग शर्वरीला सापडली तिच्या तिसऱ्या वाढदिवसाची टेप.
हे दिसत नाहीत कुठे. केकच्या मागून नुसते ऐकू येतात:
"निळू, मेणबत्त्या कुठायत? वेळ होतोय. बाळ पेंगतंय."
तीन ळ.
एकोणनव्वद सालचे, फुगे फुटण्याच्या आवाजात बुडालेले.
तांदूळ निवडावे तसे पोरीने ते निवडले
आणि यंत्राला भरवले.

खिडकीतून दिसते ती लांब शेड,
तिथे बावीस वर्षं ह्यांनी पोलादाच्या पट्ट्या तपासल्या,
हातोडी हलकेच टेकवून, कान लावून.
आतला तडा ह्यांना ऐकू यायचा.
पुढे ते काम करणारं मशीन आलं.
घरी येऊन म्हणाले, "त्याचे कान माझ्याहून चांगले आहेत गं,"
आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.
आज तिथे लोकांची पार्सलं पट्ट्यावरून धावतात.

तसेच कान लावून ऐकत होते परवा.
शर्वरी एकेक ळ वाजवून दाखवत होती.
पहिला. डोळे उघडेच. तडा.
दुसरा, तिसरा, सातवा. तडा.
अकराव्याला पापण्या मिटल्या, सावकाश,
पूर्वी पट्टीवर खडूने बरोबरची खूण करायचे तशा.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
छतावर पडद्याचा उजेड पडला.
शेवटची ट्राम केव्हाच उतारावरून गेलेली.
मला कळत होतं, अक्षरं शोधणं चाललंय.
चार मिनिटं, कदाचित पाच.
मग गॅसबिलाच्या त्याच रागात:
"निळू, झोपलीस का?"

मी जागी होते.
पुन्हा म्हणायला एक बटण असतं, कोपऱ्यात, वर.
ह्यांची नजर तिथवर पोचेपर्यंत
मी श्वास हळू केला.