जांबोटीच्या गाडीत युस्नी

गाडीची पाटी कन्नडात.
युस्नी ती वाचते, मला येत नाही.
दोन वर्षांत शिकली पोरगी, वॉर्डात पेशंटशी बोलता यावं म्हणून.
मी अजून ड्रायव्हरला विचारून चढतो.

'चढतो' म्हटलं की ती हसते.
"आंटी, तुम्ही बाई ना? मग चढते."
पुस्तकात तसंच असतंय, मी सांगतो,
पण आमच्या बेळगावात बाया
आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात.
आई म्हणायची. तिची आई म्हणायची.
ती वहीत लिहून घेते.

पिरनवाडी मागं पडली.
किणयेच्या पुढं भाताच्या पायऱ्या, पाण्यानं भरलेल्या.
तिनं कपाळ काचेला लावलं.
"असंच," ती म्हणाली, "अगदी असंच.
मागं फक्त धूर सोडणारा एक डोंगर उभा करा,
मरापी त्याचं नाव,
आणि घरांच्या छपरांना शिंगं लावा."

शिंगं?

"म्हशीची.
फार पूर्वी, सांगतात, परक्या राजानं भला मोठा रेडा आणला
आमच्याशी झुंज लावायला.
आम्ही सोडलं एक रेडकू, दिवसभर उपाशी ठेवलेलं,
नाकाला पातं बांधलेलं.
ते दूध शोधत गेलं सरळ त्याच्या पोटाखाली."
तिकिटं फाडायची थांबवून कंडक्टर म्हणाला, मग?
"मग काय. जिंकलो."

कुसमळीच्या पुलावर मी विचारलं,
एवढं शिंगांचं घर, कुणाचं गे?
आईचं, ती म्हणाली. आईकडून लेकीला.
शेत लेकीला, मासळीचं तळंही.
भाऊ मोठे झाले की मुलूख सोडतात, कमवायला.
वडील जकार्तात, खानावळ आहे,
एका हातावर सोळा बशा रचून आणतात.
आणि मामा?
"मामा खूप बोलतो," ती म्हणाली,
"सगळे ऐकतात. घर आईचंच राहतं."
मग बराच वेळ बाहेर बघत,
"मला परत जावंच लागेल, आंटी.
घर माझं म्हणजे मीही घराची."

माझ्या पिशवीत कुंद्याचा डबा.
डब्याखाली हक्कसोडाचा कागद,
खानापूरच्या वकिलानं टाईप केलेला.
कल्लाप्पाचा फोन आलेला:
आक्का, नुसती सही गा, साडी-चोळी करतो.
धाकटा मष्णू मडगावात बेकरीत,
त्यानं आधीच केलीय सही, कुठं ते न बघता.

स्टॉपवर कल्लाप्पा उभा, मोटरसायकल घेऊन.
घरी गेल्या गेल्या युस्नी गोठ्यात शिरली,
म्हशीच्या कपाळाला हात लावून
तिच्या भाषेत काहीतरी बोलली.
म्हशीनं कान हलवला.

वैनी भाकरी थापत होती.
परातीतनं मान वर न काढता म्हणाली,
तुमच्यात सुनेचं कसं असतंय?
"सून येतच नाही," युस्नी म्हणाली,
"जावई येतो. संध्याकाळी. पाहुण्यासारखा."
वैनी हसली.
हसता हसता भाकरी एका बाजूनं करपली,
तरी तिनं उलथली नाही.

कल्लाप्पा दारात: पेन हाय न्हवं?

आधी जेवतो, मी म्हणालो.
जेवलो. ताक प्यालो.
मग म्हणालो, पोरीला शेत दाखवून येतो.
पिशवी खुंटीवरच राहिली.

बांधावर चप्पल हातात घेऊन युस्नी पुढं,
अशी चालत होती जणू तिला सगळे बांध माहीत.
पाण्यात ढग, ढगात बगळा.
थांबून तिनं विचारलं,
"कुठपर्यंत तुमचं?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
वडिलांनी नाही, नवऱ्यानं नाही, तलाठ्यानं तर नाहीच.
आलो म्हणायला मिळालं, गेलो म्हणायला मिळालं,
उताऱ्यावर मात्र मी कधी आलोच नाही.
हात वर केला, तर कुठं थांबवावा कळेना.

त्या फणसापर्यंत, म्हणालो.