नुसतं डोकं

अंतोन मेस्त्रीने शटल काढून उजेडात धरलं,
नखाने चाचपलं, आणि परत बसवलंच नाही.
"झिजला गे. आता हेच्यात पैसो घालू नको."
मजुरी म्हणून फक्त चहा घेतला.

मला ठाऊक होतंच.
वर्षभर दर चार बोटांवर एक टाका गळत होता.
तिथे आलं की मी पाय हलका करायचे,
कापड किंचित मागे घ्यायचे, मग पुढे.
गिऱ्हाइकाला कधी कळलं नाही.
खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज खाल्ले,
विळीचं पातं खाल्लं,
मशीन तेवढं मी तेलावर जगवलं होतं.

कुडाळात, पणदूरकरांच्या दुकानात
आधी पांढरं दाखवलं.
बावीस प्रकारचे टाके : पानं, बदकं, नागमोडी.
"काजं आपोआप होतात, ताई."
काजं मी हाताने करते, मागच्या पडवीत,
भात शिजेपर्यंत.
तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही.
"आणि वीज गेली की?"
तो हसला.
निवतीत खांब जूनमध्ये आडवा होतो
तो गणपतीच्या तोंडावर उभा राहतो,
आणि ब्लाउज सगळे त्याच दिवसांत येतात.
"माका सरळ टाको व्हयो," मी म्हटलं. "बदकां नको."

मग गुलाबी.
एका हाताने उचललं, तर उचललं गेलं.
पिशवीतून माझ्या चिंध्या काढल्या :
एक रुबियाची,
एक दप्तराच्या कापडाची, चौपदरी.
रुबियावर गुलाबी छान पळालं.
दप्तरावर अडलं, थरथरलं, सुई वाकली.
"सुईच खराब होती," तो म्हणाला.
असेल. सुईला सगळेच बोलतात.

काळं होतं खोक्यांच्या मागे.
चाक हाताने फिरवलं, कान लावला.
आत कुठे खडा नाही, कुरकुर नाही.
चौपदरी घडीतून सुई अशी गेली
जशी ओल्या वाळूत काठी.
"टेबल-स्टँडसकट साडेनऊ हजार."
माझ्या बटव्यात साडेसहा, त्यात परतीचं तिकीट.
"नुसतं डोकं केवढ्याला?"
"नुसतं डोकं कोण नेतं आता?"
"पाय आहेत घरी."
त्याचा पोरगा तोंड फिरवून हसला.
सहा हजार दोनशे.
तेलाची बाटली आणि बारा बॉबिना
त्यातच घालून घेतल्या.

कंडक्टर ओझ्याचं तिकीट फाडायला निघाला होता.
मी गोणपाट मांडीवर ओढलं.
"मांडयेर घेतलंय ता ओझा कसा?"
तो बघत राहिला, मग पुढे गेला.
दर वळणाला गोणपाटात चाक आपसूक फिरायचं,
सुईचा दांडा वर-खाली, सुई नसलेला,
परुळ्यापर्यंत माझ्या लुगड्याला टोचत आला.

घरच्या स्टँडला होडीचा उरलेला निळा रंग,
दर वर्षीचा एक थर,
आता खालचं लोखंड किती आणि रंग किती, सांगता येत नाही.
एक भोक सुतभर चुकलं.
अंतोनने चपलेचं रबर कापून खाली सरकवलं, आवळलं.
जुनं डोकं पोत्यात, टेबलाखाली.
भंगारवाला वजन करून गेला,
मी म्हटलं, श्रावणात ये.

पहिला ब्लाउज हेमलता केळुसकरणीचा.
मशीन गळत नाही, थांबत नाही, सरळ जातं.
आणि दर चार बोटांवर माझा पाय हलका होतो,
हात कापड मागे घेतो,
तिथे टाक्यावर टाके चढून
मुंगीएवढी गाठ उठते.
उसवलं. पुन्हा घातलं. पुन्हा मुंगी.
दुपार गेली, अर्धी रीळ गेली.

हेमलताने घरीच अंगात घालून बघितला,
काखेखालून बोट फिरवलं.
"हय काय गे टोचता?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं.
"नवीन मशीन ना," मी म्हटलं,
आणि दोरा तोडायला खाली वाकले.