खडा

सोमवारी बुटोयीच्या दाताखाली खडा आला.
कडक्कन वाजलं, म्हणे, पार शेवटच्या बाकापर्यंत.
दुधाचाच दात, आज ना उद्या पडायचाच,
पण ताटल्या विसळून व्हायच्या आत
तीन टेकड्यांना कळलं.

कोठीची किल्ली माझ्याकडे. वही उघडली :
घेवडा, बारा किलो. इनारुकुंदो, रुवुबू नदीपलीकडची.

आधी पोती यायची दार-एस-सलामच्या बंदरातून,
चिखल असला की यायचीच नाहीत.
पोरं पाणी पिऊन बाकावर डोकं टेकायची.
त्या पोत्यांत खडा निघाला
तर कुणाच्या नावानं फोडायचा?
आता वहीत नाव असतं, नावाला पायवाट असते,
निरोप धाडला की तासाभरात माणूस हजर.

ती आली. वाटलं, तावातावानं भांडेल.
"दात दाखव," म्हणाली पोराला.
तळहातावर घेऊन बियाण्यासारखा निरखला,
फुंकर मारली, परत दिला.
मग कोठीच्या दारात पाय पसरून बसली,
उरलेलं पोतं चटईवर ओतलं,
टोपली मागितली.

पाखडत राहिली. लाल दाणे, पांढरे, ठिपक्यांचे.
सावली केळीवरून भिंतीवर गेली.
थोडं फोलपट निघालं, एक मेलेला किडा.
खडा नाही.

आता लिहूनच टाकतो.
वजनं ठेवायच्या पारड्याखाली
मेणाच्या लोळ्यात खोचून
मूठभर खडे चिकटवले होते मी.
दर वजनामागे पाव किलो.
शनिवारपासून त्यांतला एक दिसत नव्हता.

तिनं वर पाहिलं. माझ्याकडे नाही,
आढ्याला टांगलेल्या तराजूकडे.
"ऊन फार आहे," म्हणाली, "मेण धरत नाही."
अंगावरचं कापड झटकून उठली,
नदी उतरायच्या वाटेला लागली.

मंगळवारी पारडी राखेनं घासली.
काटा मधोमध थांबला.
मलाच तो तिरपा वाटत राहिला.

वहीची पानं मागं मागं उलटतोय,
एकेका नावापुढे पाव, पाव, पाव.
बेरीज अजून संपलेली नाही.
बाहेर मुलांनी घरून आणलेली एकेक काटकी
चुलीत जातेय, हंडा खदखदतोय.
बुटोयी हल्ली उजव्या बाजूनं चावतो,
आणि रांगेत
दुसऱ्यांदा येऊन उभा राहतो.