काठावर

माझ्या बापाला पोहता येत नव्हतं.
चाळीस वर्षं त्याने चिलोएच्या खाडीत होडी हाकली,
शिंपले आणले, खेकडे आणले,
एकदा शेजारच्या ओस्वाल्दोला आणलं, जाळ्यात गुंडाळून.
म्हणायचा, पोहता येणाऱ्याला
बुडायला उगाच जास्त वेळ लागतो.

मी नेलिदा ओयार्सो, वय सत्तेचाळीस.
सॅमनच्या कारखान्यात, तिसऱ्या पट्ट्यावर,
बावीस वर्षं माशांची पोटं फाडतेय.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
मी वैर केलं,
पण पाण्यात कधी राहिले नाही.

कास्त्रोच्या नगरपालिकेचा तलाव
रात्री साडेआठनंतर मोठ्यांना अर्ध्या दरात.
तो पोशाख अंगात चढवून
आरशासमोरून तिरकी चालत गेले, खेकड्यासारखी.
शिकवणारी यास्ना, माझ्या मुलीहून लहान,
नखं निळी, गळ्यात शिट्टी.
म्हणाली, तोंड बुडवा आणि सोडा.
काय सोडू?
श्वास.
मला वाटायचं, श्वास मिळत नाही म्हणून माणूस बुडतो.
ती म्हणाली, आत धरलेला सोडवत नाही ना,
तिथून सुरुवात होते.

नाकातोंडात पाणी. पुन्हा. पुन्हा.
हातपाय गाळणं वेगळं, मारणं वेगळं,
हे कळायला मला सात आठवडे लागले,
पैलतीराला पोचायला अकरा.
पैलतीर म्हणजे पंचवीस मीटर आणि एक तुटकी फरशी.
त्या रात्री केसांना माशाचा वास नव्हता, क्लोरीनचा होता.
अंधारात सेगुंदो कुशीवर वळला
आणि म्हणाला, कोण?

शर्यतीचं खूळ इव्होनचं. पॅकिंगमधली.
नाव दोघींचं घातलं, आणि स्वतः गुडघा धरून बसली.
सायकल भाच्याची,
काळा रबरी सूट शिंपले काढणाऱ्या चुलतभावाचा,
त्यात त्याच्या पोटापुरती जागा रिकामी.

फेब्रुवारी. उइयिन्को तळं. साडेसातशे मीटर.
दुसऱ्या नारिंगी बोयापाशी
सुटात पाणी शिरलं आणि छाती मिटली.
खाली तळ नाही, फक्त चहासारखं तपकिरी पाणी
आणि त्यात माझेच हात, कुणा दुसरीचे असल्यासारखे.
बाप आठवला.
तो काही समुद्रात गेला नाही.
पलंगावर गेला, फुप्फुसात पाणी होऊन,
दाराबाहेर होडी कोरडी.
मी उताणी झाले.
कयाकमधल्या पोराने विचारलं, बाई, काढू का बाहेर?
उत्तर द्यायला श्वास लागतो.
म्हणून आधी होता तो सगळा सोडला.
मग म्हटलं, नको.

पुढचं काय सांगायचं.
ओल्या पायात मोजा जात नाही, कुणी सांगितलं नव्हतं.
एकच घालून निघाले.
चढावर साखळी दोनदा पडली.
धावताना कुणाचा तरी पिवळा कुत्रा
तीन किलोमीटर सोबत आला,
मग एका गोठ्यापाशी त्याला दुसरं काम निघालं.
माझ्या मागे फक्त एक निवृत्त दंतवैद्य होते
आणि रुग्णवाहिका, पहिल्या गिअरमध्ये.

आई सकाळपासून घडीच्या खुर्चीत विणत बसलेली.
तळ्याकडे पाठ.
बाप गेला की ती अशीच बसायची,
कोळ्याच्या बायकोने पाण्याकडे बघायचं नसतं,
बघितलं तर पाण्याला कळतं कुणाची वाट आहे ते.
त्याला येताना तिने कधीच पाहिलं नाही.
आधी बूट ऐकू यायचे, मग शिवी.

कमान उतरवायला शिडी लागली होती.
दोन तासांची मुदत, माझी सव्वा मिनिट उरलेली.
काठावर पास.

पण मी काठाकडून येत नव्हते.
शेवटचा टप्पा रस्त्याचा.
आणि तळ्याकडे पाठ म्हणजे
रस्त्याकडे तोंड.
लांबूनच दिसलं मला,
विणणारे हात थांबलेत,
लोकरीचा गुंडा मांडीवरून सुटून
खडीवर माझ्याच दिशेने येतोय,
आणि म्हातारी
उचलायला वाकत नाहीये.